साक्षीला समई

मराठी माणूस समई विकत घेत नाही. समई त्याच्याकडे येते. लग्नात मामाकडून येते, मुंजीत आत्याकडून येते, वास्तुशांतीला ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढून आणलेली येते. आणि निवृत्तीच्या दिवशी, 'सरांनी आम्हां सर्वांना प्रकाश दिला' असं निवेदकानं घसा दाटून सांगितलं की शाल-श्रीफळाच्या जोडीला आणखी एक येते. ज्यांना प्रकाश दिला ते सगळे तोवर वेफर्सच्या डिशपाशी पोचलेले असतात. सर तेवढे ते अवजड खोकं पोटाशी धरून रिक्षा शोधत असतात.

आलेल्या समईला नाही म्हणता येत नाही, कारण ती लक्ष्मी. मोडीत घालता येत नाही, कारण ती लक्ष्मी. पुढच्या लग्नात कुणाला तरी देऊन टाकावी म्हटलं, तर बुडाशी देणाऱ्याचं नाव कोरलेलं. भांड्यांवर नाव घालायची पद्धत चोरांच्या भीतीनं पडली असं आपल्याला सांगतात. चोरांचं नाव उगाच पुढे करतात. ती आहेर पुढे सरकवणाऱ्यांच्या भीतीनं पडली आहे.

परिणामी आमच्या माळ्यावर पितळेची मोठी आघाडी मुक्कामाला आहे. उंच समया, बसक्या समया, साखळीचा लामणदिवा, पंचारत्या, दोन्ही हातांत दिवा धरून कधीपासून ताटकळत उभी असलेली दीपलक्ष्मी. देवापुढे रोज जळतं ते एक चिमुकलं निरांजन. बाकी सगळं राखीव दल.

हे राखीव दल वर्षातून एकदा खाली उतरतं, आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागायचा असतो. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, भोवती रांगोळी, हळदकुंकू, फुलं. आणि कणकेत गूळ घालून उकडलेल्या दिव्यांचा तुपाबरोबर नैवेद्य. एरवी दिव्यानं देवाला ओवाळायचं. या एका दिवशी दिवाच देव. ह्याच तिथीला निम्मा महाराष्ट्र 'गटारी' म्हणतो आणि श्रावणात जे चालणार नाही ते आदल्या रात्रीच उरकून टाकतो. थोडक्यात, बायका घरात दिवे लावत असतात आणि पुरुष बाहेर दिवे लावत असतात.

मी घरात असतो. याचं श्रेय माझ्या चारित्र्याला नसून शिडीला आहे. आमच्या घरातली शिडी फक्त मलाच उघडता येते, असा समज मी एकदा कौतुक करून घेण्यासाठी पसरवला होता.

दिवे खाली आले की पहिलं भांडण कशानं घासायचे यावरून. आईचा पक्ष चिंचेचा. बायकोचा पक्ष पावडरचा. मुलीनं कुठल्याशा व्हिडिओत टोमॅटो केचपनं घासलेली समई पाहिलेली असते.

"केचप? देवाच्या समईला?" आई.

"आजी, त्यातही आम्लच असतं."

"मग लसूण पण असतो त्यात."

मी मध्यस्थी करतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, साधारण ७० टक्के आणि ३० टक्के. काळं पडतं ते मुख्यतः तांब्यामुळे. हवेशी, तेलाशी, हाताच्या घामाशी त्याचं सतत काहीतरी चाललेलं असतं. चिंचेतलं टार्टरिक आम्ल तो काळा थर सोडवतं. म्हणजे तत्त्वतः तुम्ही तिघीही एकच गोष्ट म्हणत आहात. या विवेचनानंतर तिघी खरोखरच एक होतात आणि घासणी माझ्या हातात येते.

समई घासणं हा भक्तिमार्ग नसून हठयोग आहे. थाळीत गेल्या वर्षीच्या तेलाचा राप बसलेला असतो. त्यात एक अर्धी जळलेली वात आणि एक दिवंगत पाखरू कायमचं चिकटलेलं असतं. ते निघालं की दांड्यावरची नक्षी. ज्या कारागिरानं दांड्याला इतकी वलयं, इतके मणी आणि इतक्या पाकळ्या दिल्या, त्यानं आयुष्यात एकही समई घासलेली नसणार. त्यानं फक्त दिली.

म्हणून गेल्या वर्षी मी शास्त्राची मदत घेतली. आम्ल जर काम करतं, तर माणसानं कशाला करायचं? चिंचेच्या कोळाची बादली भरली, आईच्या माहेरची समई तीत बुडवली आणि शांत झोपलो. आम्ल रात्रभर जागं राहिलं. पितळ फार वेळ आंबटात ठेवलं की त्यातलं जस्त आधी काढता पाय घेतं आणि तांबं मागे उरतं, हे प्रकरण पुस्तकात आणखी दोन पानं पुढे होतं. सकाळी समईच्या अंगावर गुलाबी चट्टे.

आईनं ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. "माझ्या आईनं दिलेली," ती म्हणाली. "सत्तर वर्षं धडधाकट होती. तुझ्या हाताखाली एका रात्रीत गोवर आला."

घासण्याचा दुसरा अंक आटे जुळवण्याचा. समई उघडते. बैठक वेगळी, दांडा वेगळा, थाळी वेगळी, वरचा मोर वेगळा. घासताना सगळ्यांचे सगळे भाग एका परातीत पडतात आणि मग लक्षात येतं, की जगातल्या कुठल्याही दोन समयांचे आटे एकमेकांना लागत नाहीत. लागतात ते दीड फेऱ्यापर्यंत. त्यानंतर पुढेही जात नाहीत आणि मागेही येत नाहीत. आमच्याकडे अशी एक जोडी कायमची अडकली आहे: बैठक आत्याची, दांडा ऑफिसचा. ती पूर्वेकडे कलते.

"देवाकडे झुकलीय," आई म्हणाली. "राहू दे. घरात कुणीतरी झुकतंय."

एका समईचा मोर मात्र सापडेना. तो आणायला तुळशीबागेत गेलो. पितळेच्या दुकानात किलोवर भाव असतो, त्यामुळे तिथे भक्ती थेट ग्रॅममध्ये मोजता येते. दुकानदारानं माझी बिनमोराची समई हातात घेऊन सवयीनं तोलली.

"सुटा मोर नाही मिळायचा. अख्खी घ्या."

"अख्ख्या खूप आहेत हो."

"मग हा हंस बघा." त्यानं तामिळनाडूकडची समई पुढे केली. तिकडे कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविल गावात पिढ्यान्‌पिढ्या दिवे ओततात आणि त्यांच्या माथ्यावर हंस असतो. "मोर नुसता नाचतो, साहेब. हंस विवेकी पक्षी. दूध आणि पाणी वेगळं करतो."

"आमच्याकडे ते काम गवळ्यानं उलटं करून ठेवलंय."

त्याला वाईट वाटलं असावं. त्यानं मला अध्यात्मात घेतलं. "हसू नका. समई म्हणजे त्रिमूर्ती आहे. खाली बैठकीत ब्रह्मा, मधल्या दांड्यात विष्णू, वर शिखरावर महेश. असे तिघं एकत्र तुम्हाला किलोच्या भावात कोण देतं?"

मी घरी येताना हिशेब करत होतो. आमच्या त्या कलत्या समईत ब्रह्मदेव आत्याचे, विष्णू ऑफिसचे, आणि आता महेश बेपत्ता.

एवढं होऊन समई उभी राहिली तरी ती ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. नियम सोपा आहे: तुपाचा दिवा उजवीकडे, तेलाचा डावीकडे. कुणाच्या उजवीकडे, एवढंच ठरायचं आहे. देवाच्या म्हणावं, तर देव आपल्याकडे तोंड करून बसलेला. त्याची उजवी ती आपली डावी. मी हा प्रश्न कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नागपूरच्या काकांनी देवाची उजवी सांगितली. सांगलीच्या आत्यानं आपली उजवी सांगितली आणि 'आमच्या सासरी असंच' असा पुरावा जोडला. वातीचं तोंड दक्षिणेला नको, यावर एकमत झालं. दक्षिणेला फक्त धनत्रयोदशीचा यमदीप. तेवढ्यात न्यू जर्सीच्या चुलतभावानं लिहिलं, की त्याच्याकडे दिवा कुठल्याही दिशेला लावला तरी छतावरचा धुराचा अलार्म कोकलतो. म्हणून तो बॅटरीची समई लावतो, आणि ती बदाम-पिस्त्यांच्या दुकानात मिळते. त्यावर आत्यानं ग्रुप सोडला.

शेवटी पूजेला आलेल्या गुरुजींना विचारलं. "गुरुजी, शास्त्र काय सांगतं? समई नेमकी कुठे?"

"जिथे माझ्या धोतराला लागणार नाही तिथे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी ती स्वतःच सरकवली.

मग आचमनासाठी पळी घेता घेता त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती ऐकल्यापासून माझं घरात लक्ष लागत नाही. म्हणाले, "पूजेच्या आरंभी आपण दिव्याची पूजा करतो ती कशासाठी? उजेड हवा म्हणून नाही, उजेडाला तुमची ट्यूब आहे. दिवा हा कर्मसाक्षी. पूजा पुरी होईपर्यंत तू इथे थांब आणि काय काय झालं ते पाहा, अशी त्याला विनंती असते. मघाशी संकल्प चालू असताना तुम्ही मांडीखाली फोन बघितलात. मी नाही बघितला. त्यानं बघितला."

सोसायटीनं जिन्यात सीसीटीव्ही बसवले ते अलीकडे. देवघरात साक्षीदार आधीपासूनच बसलेला होता, आणि आपण त्याला तेल घालत होतो.

आता मला प्रत्येक समईची भीती वाटते. विशेषतः सभागृहातल्या. कारण समईनं सगळ्यांत जास्त जर काही बघितलं असेल, तर ती दीपप्रज्वलनं. आमच्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दीपप्रज्वलनाची जबाबदारी माझ्याकडे असते, म्हणजे काडेपेटी माझ्या खिशात असते. आषाढातली काडेपेटी. काड्या मान टाकतात. पंखे बंद करावे लागतात, आणि पंखे बंद झाले की प्रेक्षागृहातली ज्ञानाची ओढ झपाट्यानं कमी होते. वाती झटकन पेटाव्यात म्हणून टोकाला कापूर चोळून ठेवावा लागतो. पितळेच्या त्या खानदानी समईला पेटवायला पाहुण्यांच्या हातात आपण काय देतो, तर मेणबत्ती.

खरी अडचण गणिताची. समईला वाती पाच. व्यासपीठावर मान्यवर नऊ.

अध्यक्ष पहिली वात लावतात. प्रमुख पाहुणे दुसरी. मग प्रायोजक, मग नगरसेवक, मग प्रायोजकांच्या सौभाग्यवती. पाच संपल्या. उरलेले चौघं मेणबत्तीकडे बघत उभे. कार्यवाह माझ्या कानात, "काहीतरी करा." मी पहिली वात हळूच चिमटीनं विझवतो आणि ती सहाव्या मान्यवरांना पुन्हा नव्यानं देतो. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडतो, "साहेबांचा नाही आला! साहेब, परत एकदा लावा!" साहेब लागलेल्या वातीला पुन्हा मेणबत्ती लावून कॅमेऱ्याकडे बघतात. सगळे मेणबत्तीच्या दांड्याला एकेक बोट लावतात. ज्यांचं बोट पोचत नाही ते पुढच्याच्या कोपराला लावतात.

त्यानंतर प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलनाचा अर्थ सांगतात. दर वर्षी पाहुणे वेगळे, अर्थ तोच आणि तो मला पाठ आहे. समईतलं तेल म्हणजे आपल्या वासना. वात म्हणजे आपला अहंकार. ज्ञानाची ज्योत लागली की दोन्ही हळूहळू जळून जातात. अर्थ सुंदर आहे, पाहुणेही मनापासून बोलतात. फक्त मी मागे उभा राहून समईकडे बघतो आणि मला वाटतं, तिची अडचण तिला कुणी विचारत नाही. वाती पाच आणि अहंकार नऊ. जाळणार कसे?

निदान तिथे ती पेटते तरी. आमच्या ओळखीच्या एका नव्या फ्लॅटमध्ये दारातून आत गेल्या गेल्या पुरुषभर उंचीची केरळी निलविळक्कु उभी आहे. तिच्या डोक्यावर छतात खास दिवा बसवून तिच्यावर उजेड सोडलेला.

"वा! लावता कधी?" मी विचारलं.

"लावतोय की! सेन्सरवर आहे. दार उघडलं की लागतो."

"तो नाही हो. ही."

"छे छे! वर काजळी धरेल. फॉल्स सीलिंग आहे."

दिव्याखाली अंधार असतो हे माहीत होतं. दिव्यावर दिवा लावून दिवाच बंद ठेवतात, हे नवीन होतं.

अर्थात शोभेसाठी दिवे जमवणाऱ्यांना हसायची सोय पुण्याच्या माणसाला नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात तो पाहुण्यांना घेऊन जात असतोच. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जुन्या वस्तू गोळा केल्या. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणाऱ्या या गृहस्थांना दिव्यांचं इतकं वेड, की त्यांनी भारतातल्या दिव्यांवर एक पुस्तक लिहिलं आणि केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं ते १९६१ साली काढलं. 'प्रकाशन विभाग' हे नाव त्या एका पुस्तकापुरतं तरी अक्षरशः खरं ठरलं. संग्रहालयात त्या दिव्यांपुढे उभं राहिलं की पुरुष कलाकुसरीबद्दल बोलतात. बायका थोडा वेळ गप्प राहतात आणि मग एकमेकींना विचारतात, "कोण घासत असेल हो हे सगळं?"

जुन्या टांगत्या दिव्यांत एक प्रकार असा आहे, की वर पितळेचा हत्ती आणि तेल हत्तीच्या पोटात. थाळीतलं तेल खाली गेलं की पोटात हवा शिरते आणि वरून आपोआप तेवढंच तेल उतरतं. थाळी भरली की थांबतं. मी हवेचा दाब वगैरे समजावून सांगत होतो.

"म्हणजे उठून तेल घालायचा कंटाळा त्या काळीही होता," बायको म्हणाली. "फक्त त्या काळच्या पुरुषांनी त्यावर काहीतरी करून दाखवलं."

मी तेल घालतो, पण ते थाळीत कमी आणि फरशीवर जास्त पडतं. गोव्यात शिगम्याला बायका डोक्यावर पेटत्या समया घेऊन नाचतात. वाकतात, बसतात, गिरक्या घेतात आणि ज्योत जागच्या जागी. मी भरलेली समई ओट्यावरून देवघरापर्यंत नेली, तर मागे इतकी ठळक रेघ उमटते, की रात्री दिवे गेले तरी देवघर सापडावं.

तर असे सगळे दिवे एकदाचे पाटावर बसले, की संध्याकाळी आई दिव्यांच्या अवसेची कहाणी वाचते. आटपाट नगरातली सून. तिनं घरात काहीतरी चोरून खाल्लं आणि आळ घातला उंदरांवर. उंदीर चिडले. त्यांनी रात्री तिची चोळी नेऊन पाहुण्यांच्या अंथरुणात टाकली. सकाळी बोभाटा, सून घराबाहेर. पण तिचा एक नेम होता. रोज दिवे घासायचे, तेलवात करायची, खडीसाखरेनं ज्योत सारायची. पुढे अवसेच्या रात्री राजा एका झाडाखाली मुक्कामाला होता, तर गावातले दिवे अदृश्य रूपानं त्या झाडावर जमले आणि गप्पा मारू लागले: आज कुणाच्या घरी कशी पूजा झाली, जेवायला काय होतं. त्यात सुनेच्या घरचा दिवा बोलला, की यंदा माझी कुणी विचारपूस केली नाही, जी करायची तिला घालवून दिलं, आणि ती निर्दोष होती. राजानं ऐकलं, चौकशी केली, सून परत आली.

कहाणी संपल्यावर सगळ्यांनी कणकेचे दिवे तुपात बुडवून खाल्ले. माझ्या घशाखाली उतरेनात. सगळ्या गावाला ठाऊक नसलेली चोळीची भानगड त्या दिव्याला ठाऊक होती. म्हणजे दिवे केवळ बघत नाहीत, ते सांगतात! आणि सांगायला त्यांना आजची रात्र मोकळी आहे.

आमच्या पार्किंगजवळ गुलमोहर आहे. मला दिसू लागलं, की 'अ' विंगपासून 'ड' विंगपर्यंतचे दिवे फांदीफांदीवर येऊन बसले आहेत. सेक्रेटरींच्या घरची समई अध्यक्षस्थानी; ती आधी कोरम मोजते आहे. पहिल्या मजल्यावरची सांगते, "मला चकचकीत केलं, फोटो काढले आणि लगेच फुंकर मारली. तेल महाग झालंय म्हणे." फॉल्स सीलिंगवाल्यांची निलविळक्कु मल्याळममध्ये बोलते आहे, पण दुःख सगळ्यांना कळतंय. बॅटरीची समई आलेली नाही, ती चार्जिंगला आहे. तिसऱ्या मजल्यावरचे लामणदिवे घरधन्यांविषयी काही बोलत नाहीत. ते अजून घरीच आलेले नाहीत. एकेकाचं पितळ उघडं पडत चाललं आहे. राजाच्या जागी झाडाखाली आमचा वॉचमन खुर्ची टाकून बसला आहे आणि जांभया देतो आहे, कारण यातलं काहीही त्याला नवीन नाही.

मग आमची कलती समई पुढे सरकते. फांदीवरही ती पूर्वेकडे झुकलेली. "आमच्याकडे," ती म्हणते, "साहेब रसायनशास्त्र सांगतात…"

"एवढे घामेजलात कशानं?" बायकोनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. गुरुजी, कर्मसाक्षी, गुलमोहर. कोण घासतं, कोण शिडीवर उभं राहून नुसतं 'हं, घे' म्हणतं, आणि ओवाळायच्या वेळी कोण पुढे सरसावतं, याची सगळी नोंद तिकडे झालेली आहे.

ती विचारात पडली नाहीच, उलट तिला बरं वाटलेलं दिसलं.

"म्हणजे माझे सगळे साक्षीदार पितळेचे आहेत म्हणा की. चांगलं झालं, फुटायचे नाहीत," ती म्हणाली. "आता तुम्ही असं करा, कलती तेवढी परत घासायचीय, थोडी चिंच भिजत घाला."

मी उठलो.

"चिंच, अहो. समई नव्हे."